कोपऱ्यातला आकडा

मेव्हण्याने ब्रेक इतक्या जोरात मारला की मागच्या सीटवर बसलेल्या कप्तानाचं कपाळ पुढच्या सीटच्या पाठीवर आपटलं आणि चष्मा उडून मांडीत पडला. समोर रस्ता नव्हता. म्हणजे होता, पण गाडीच्या चाकांपासून दोन हातांवर तो संपत होता, आणि पुढे माणूसभर खोल चर, त्यात काळे पाइप, कडेला मातीचा ढीग. धोक्याची पिवळी फीत एका टोकाला तुटून जमिनीवर लोळत होती. फोनमधली बाई मात्र अगदी शांतपणे सांगत होती की सरळ चला, आठशे मीटर सरळ चला. मेव्हणा म्हणाला, आता बोला, हिच्या नादाने आपण सगळे खड्ड्यात. बायको म्हणाली, तू खिडकीतून बघत जा ना जरा, फोनात काय बघतोस. दोघं बहीण-भाऊ तिथल्या तिथे जुंपले. मांडीतला चष्मा चाचपत असताना कप्तानाला एकदम एक आकडा दिसला. जांभळ्या शाईत, नकाशाच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात, त्याच्याच हातचा, नीट वळणाचा. चारशे सतरा. आकडा लख्ख दिसला, पण त्या आकड्याची खूण दिसेना. बेट आणि उथळ पट्टा यांच्या मधली चिंचोळी वाट, तिथला पांढरा कागद, आणि त्या कागदावर काहीच नाही.

कप्तान हे नाव मेव्हण्याने लग्नातच चिकटवलेलं होतं आणि गेली पंचवीस वर्षं तो ते न कंटाळता वापरत होता. गंमत अशी की कप्तानाने जन्मात जहाज चालवलं नव्हतं. एकदा ऑफिसच्या लाँचमधून बंदराबाहेर पाऊण तास फिरवून आणलं, तर पाऊण तास हा गृहस्थ कठड्याला लोंबकळून ओकत होता. विसाव्या वर्षी तो समुद्रावर जायला निघाला होता खरा, पण डॉक्टरने चष्म्याचा नंबर बघितला आणि फॉर्मवर एक रेघ मारली. मग समुद्रावर नाही तर निदान समुद्राच्या कागदावर, म्हणून तो जहाजांना नकाशे पुरवणाऱ्या चार्ट डेपोत चिकटला, तो आजपर्यंत. काम असं की जगात कुठेही समुद्रात काही बदललं, म्हणजे दिवा बंद पडला, वाट दाखवणारा तरंगता बोया हलला, एखादं जहाज बुडून तळाशी बसलं, की दर आठवड्याला सूचनांचं पत्रक यायचं. पत्रकातली प्रत्येक सूचना त्या त्या नकाशावर हाताने चढवायची. सूचनेबरोबर एक पारदर्शक ट्रेसिंग यायचं. ते नकाशावर नेमकं बसवायचं, सुईने ठिपक्यातून टोचायचं, ट्रेसिंग उचलायचं आणि टोचलेल्या जागी जांभळ्या शाईने खूण काढायची. शाई वाळली की सगळ्यात शेवटी कोपऱ्यात सूचनेचा आकडा लिहायचा. आकडा म्हणजे पावती. आकडा आहे म्हणजे खूण आहे, असं सगळे धरून चालतात, आणि तपासणारा माणूसही आकडाच तपासतो. एका नकाशावर दीड-दीडशे खुणा असतात. त्या सगळ्या बघायला कुणाला सवड आहे?

खूण आधी, आकडा नंतर. सदतीस वर्षांत हा क्रम चुकला नव्हता. गुरुवारी चुकला, असं त्याला आता वाटत होतं. नुसतं वाटत होतं, हीच तर पंचाईत. माणसाला केलेल्या कामाची आठवण नसते, सवयीची असते. गाडी मागे घेताना मेव्हणा मान वळवून त्याच्याकडेच बघतोय असं वाटत होतं, आणि कप्तान गुरुवारची दुपार परत परत वाचत होता. ट्रेसिंग उलगडलं होतं. टाक नुकताच धुतलेला, निब पहिल्यांदा शाई सोडत नव्हतं, म्हणून ते चालतं करायला कुठेतरी काहीतरी लिहायला हवं होतं, आणि लिहायचं आहेच तर कोपऱ्यातला आकडाच लिहून टाकू, म्हणून त्याने तो लिहिला. बरोबर. इथपर्यंत बरोबर. मग फोन वाजला. बायकोचा होता, की रविवारी फ्लॅट बघायला जायचंय, दहाव्या मजल्यावरचा, तुम्ही नाही म्हणायचं नाही. तो हो म्हणाला. मग तपासनीस बाई रजिस्टर घेऊन आल्या, की चला, जहाजाचा माणूस खाली गाडी घेऊन उभा आहे. त्यांनी कोपरा बघितला, सही केली, नकाशा गुंडाळून नळीत घातला. फोन आणि बाई यांच्या मध्ये त्याने सुई उचलली होती का? तिथे आठवणीत एक पांढरा तुकडा होता, आणि तो जितका डोळे ताणून बघे तितका तो जास्तच पांढरा होई.

त्याने बायकोला म्हटलं की वाटेत ऑफिसवरून जाऊ, पाच मिनिटांचं काम आहे. बायको म्हणाली, रविवारी? तो फ्लॅटवाला आपल्यासाठी मुद्दाम येऊन थांबलाय, उद्या बघा की तुमचं ऑफिस. उद्या. शुक्रवारी सकाळी सुटलेलं जहाज उद्या दुपारी तीनच्या सुमाराला त्या चिंचोळ्या वाटेत शिरणार होतं. हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती, अंतर आणि वेग दिला की तो झोपेतही वेळ सांगू शकायचा. तीन आठवड्यांपूर्वी तिथे दगड वाहून नेणारा एक तराफा बुडाला होता आणि पाण्याखाली सहा मीटरवर बसला होता. या जहाजाचं बूड पाण्यात नऊ मीटर. वजाबाकी शाळेतल्या पोरालाही येईल. गाडीची काच बंद, आत भावाबहिणीचं भांडण, फोनातली बाई आता डावीकडे वळा म्हणते आहे, आणि आपण मागच्या सीटवर गुडघे पोटाशी घेऊन बसलो आहोत. आपल्याला दार उघडून उतरताही येत नाही, कारण उतरून सांगायचं काय? मी एक ठिपका काढला की नाही ते मला आठवत नाही? त्याला स्वतःचाच राग आला.

मेव्हण्याचा विषय आता फोनवर आला होता. नॅव्हिगेशन बंद करून टाकतो, म्हणाला. या शब्दाचं काय होऊन बसलंय, याचंही कप्तानाला एरवी हसू यायचं. पहिल्या दिवशी डेपोतल्या म्हाताऱ्या मुख्य दुरुस्तकाने त्याला विचारलं होतं, नॅव्हिगेशन म्हणजे काय रे? तो म्हणाला होता, जहाज चालवणं. म्हातारा म्हणाला, जहाज इंजिन चालवतं. नॅव्हिगेशन म्हणजे आपण या घटकेला कुठे आहोत ते कबूल करणं, पुढचं सगळं सोपं असतं. त्या वेळी हे वाक्य त्याने मोठ्या भक्तीने वहीत लिहून घेतलं होतं. पुढे तोच शब्द घराघरांत शिरला. बायको भाजीला निघाली तरी नॅव्हिगेशन लाव म्हणायची. बँकेच्या फोनवरची बाई म्हणायची, मुख्य नॅव्हिगेशनवर परत जाण्यासाठी शून्य दाबा. भाच्याच्या कॉम्प्युटरवर डाव्या बाजूच्या पट्टीला म्हणे नॅव्हिगेशन म्हणतात. कप्तान या सगळ्यांना मनातल्या मनात नावं ठेवायचा, कारण खरं नॅव्हिगेशन आपल्या टेबलावर चालतं, सुई आणि टाक घेऊन, अशी त्याची पक्की समजूत होती. जहाजांवर आता पडदे आले आहेत हे त्याला ठाऊक नव्हतं असं नाही. डेपोत सहा माणसं होती त्याची दोन झाली, ती काय उगाच? पण पडदा विजेवर चालतो आणि वीज जाते. कागद कुठे जातो? हे त्याने स्वतःला इतक्या वेळा सांगितलं होतं की आता ते सांगावंही लागत नसे.

फ्लॅट दाखवणारा मनुष्य टाय-बिय लावून आला होता आणि लिफ्टमध्ये चौघांना कोंबून वर जाईपर्यंत बोलतच होता. रिकाम्या खोल्यांना ओल्या चुन्याचा वास होता. बायको हात पसरून भिंती मोजत होती, इथे कपाट येईल, इथे पलंग येईल, अहो, पलंग आडवा की उभा? तो म्हणाला, आडवा. मग ती म्हणाली, मग दार कसं उघडेल? तो म्हणाला, उभा. तिने त्याच्याकडे बघितलं, पण दाखवणारा माणूस होता म्हणून काही म्हणाली नाही. बाल्कनीतून समुद्र दिसतो, असं तो माणूस सांगत होता. दिसायचा, पण कठड्याला पोट लावून तिरकं उभं राहिलं आणि मान पार उजवीकडे वळवली तरच, दोन इमारतींच्या फटीतून, वहीच्या समासाएवढा. निवृत्तीनंतर आपण इथे असे तिरके उभे राहणार, असा विचार त्याच्या मनात आला, आणि लगेच दुसरा आला, की त्या समासात आत्ता कुठेतरी त्या जहाजावरची एकवीस माणसं जेवायला बसली असतील. तो बाथरूममध्ये गेला आणि दार लावून घेतलं. नळाला अजून पाणी नव्हतं. बंद झाकणावर बसून त्याने उजव्या हाताचा अंगठा आणि पहिलं बोट जुळवून बघितलं, सुई धरल्यासारखं. हाताला तरी आठवतं का बघू. बोटं जुळली, मनगट वळलं, सदतीस वर्षांचं वळण, आणि त्यातून गुरुवार तेवढा वेगळा काढता येईना. बाहेर मेव्हणा दाखवणाऱ्या माणसाला सांगत होता, आमचे कप्तान जरा हळवे आहेत, लिफ्टही लागते त्यांना. कप्तान तिथे बसून राहिला. बाथरूमला खिडकी नव्हती, नुसती एक वरची जाळी होती.

तिथूनच त्याने तपासनीस बाईंना फोन लावला. बाई त्याच्यापेक्षा सात वर्षांनी लहान, विधवा, कामाला चोख, आणि डेपोत उरलेल्या दोघांतली दुसरी. त्याने सगळं सांगितलं. पलीकडे बराच वेळ कुकरच्या शिट्ट्या ऐकू आल्या. मग बाई म्हणाल्या की आकडा आहे, माझी सही आहे, रजिस्टर बरोबर आहे, आणि रजिस्टर बरोबर असलं की नकाशा बरोबर असतो, इतकी वर्षं आपण हेच करत आलोय. तो म्हणाला, बाई, आकडा मी आधी लिहिला. पुन्हा शिट्टी झाली. बाईंनी गॅस बंद केला असावा, कारण एकदम शांत झालं, आणि मग त्यांचा आवाज अगदी जवळून आला. "तुमचं सव्वा वर्ष राहिलंय. माझी आठ वर्षं आहेत. घरात मिळवणारी मी एकटी. तुम्ही जहाजाला कळवलंत की ते कंपनीला कळवणार, आणि चौकशीत पहिल्यांदा बघतील ती सही." तो नुसता हं म्हणाला. शेवटी त्या म्हणाल्या, "मला विचारलंत कशाला मग? करा फोन. माणसं आहेत त्यावर." आणि त्यांनी ठेवून दिला.

बाहेर येऊन त्याने बायकोला बाजूला घेतलं, म्हणजे जिथे पलंग येणार होता त्या जागी उभं केलं, आणि सांगितलं. ततपप करतच सांगितलं. तो ऑफिसबद्दल घरी कधी बोलत नसे, बोलण्यासारखं काही नसेच. बायकोला नकाशा, ट्रेसिंग, सुई यातलं किती कळलं कोण जाणे. तिने एकच विचारलं, किती माणसं असतात जहाजावर? तो म्हणाला, एकवीस. तिने पर्स खांद्याला लावली, भावाला म्हणाली, गाडी काढ, आणि दाखवणाऱ्या माणसाला म्हणाली, आम्ही कळवतो. जिन्यात तिने त्याचा दंड धरला होता, घट्ट, आणि दहा मजले उतरेपर्यंत सोडला नाही, कारण नेमकी तेव्हाच लिफ्ट कुणीतरी वर अडकवून ठेवली होती. या बाईला आपण पंचवीस वर्षांत काय काय सांगितलं नाही, असं त्याच्या मनात आलं, आणि त्याला फार वाईट वाटलं.

डेपोचा पहारेकरी रविवारचा बनियनवर बसला होता. त्याने किल्ली दिली. वरची खोली तशीच होती, लांब टेबलं, सपाट रुंद खण, सहा खुर्च्या आणि त्यातल्या चार भिंतीकडे तोंड करून ठेवलेल्या. ट्रेसिंगांची फाइल बाईंनी नेहमीप्रमाणे आकड्यांच्या क्रमाने लावली होती. चारशे सतरा त्याने काढलं आणि खिडकीशी नेऊन उजेडासमोर धरलं. टोचलेल्या ट्रेसिंगमधून उजेडाचा एक बारीक कण दिसतो, इतका बारीक की नवख्याला दिसणारही नाही. चारशे सोळात दिसत होता. चारशे अठरात दिसत होता. चारशे सतरा अख्खं होतं. त्याने चष्मा पुसून परत बघितलं, उलटं करून बघितलं, भिंगातून बघितलं. ठिपका काळा होता आणि कागद शाबूत होता. संशय होता तोवर निदान हेलकावे तरी होते, आता तेही थांबले. पण एका परीने बरंही वाटलं. आपण कुठे आहोत ते तरी कळलं, म्हाताऱ्याच्या भाषेत.

ऑर्डरच्या फाइलमध्ये जहाजाचा सॅटेलाइट फोन नंबर होता. तिसऱ्यांदा लागला. आवाज जायला आणि यायला मध्ये दोन सेकंद जात होती, त्यामुळे दोघंही एकमेकांच्या अंगावर बोलत होते. पलीकडे सेकंड ऑफिसर होता, वाटा आखणं त्याचंच काम, आवाजावरून तिशीच्या आतला. कप्तानाने नाव सांगितलं, डेपो सांगितला, आणि वाटेत पाठ केलेलं वाक्य एका दमात म्हणून टाकलं. गुरुवारी आमच्याकडून तुम्हाला गेलेल्या नकाशावर माझ्या चुकीने एक खूण राहिली आहे, अक्षांश-रेखांश लिहून घ्या, तिथे सहा मीटरवर बुडालेला तराफा आहे, चूक माझी एकट्याची आहे, तपासणाऱ्याचा काही दोष नाही. दोन सेकंद गेली. मग आणखी दोन गेली.

"कुठला नकाशा म्हणालात?" त्याने नकाशाचा क्रमांक सांगितला. "अच्छा, कागदी! काका, ते आम्ही काढत नाही हो. तपासणीला लोक आले की दाखवावे लागतात, म्हणून संच ठेवतो. तुमचा तो तराफा पडद्यावर कधीच आलाय, दोन आठवडे झाले. आम्ही चांगले दोन मैल बाजूने जाणार आहोत."

कप्तान म्हणाला, तरी तुम्ही खूण करून घ्या. मुलगा म्हणाला, करतो की. इतक्या पटकन म्हणाला की नळीचं झाकणसुद्धा निघालेलं नाही हे कप्तानाला कळलं. हा मुलगा वाईट नव्हता. त्याने आपणहून विचारलं, काका, तुम्ही हे अजून हाताने करता? एकेक? कप्तान हो म्हणाला. कधीपासून, त्याने विचारलं. सदतीस वर्षं. दोन सेकंदांनी पलीकडून एक कौतुकाचा उद्गार आला, एखादं जुनं घड्याळ अजून चालतंय हे कळल्यावर यावा तसा, आणि मग तो म्हणाला की काळजी करू नका, आणि रविवारी फोन केलात त्याबद्दल थँक यू. फोन बंद झाला. कप्तान रिसिव्हर हातात धरून उभा राहिला. एकवीस माणसं वाचली होती. वाचली होती म्हणजे ती धोक्यात नव्हतीच. त्याने खूण काढली असती तरी वाचली असती आणि नकाशाच्या जागी कोरा कागद गुंडाळून पाठवला असता तरी वाचली असती. त्याला आनंद व्हायला हवा होता. पण क्षणभर, अगदी क्षणभर, त्याला वाटलं की ते जहाज आपटायला हवं होतं. एकदा तरी, कुणीतरी, आपण न काढलेल्या खुणेवर आपटायला हवं होतं. मग स्वतःचीच किळस येऊन तो खुर्चीवर बसला. चारही भिंतींना सपाट खण होते, छतापर्यंत, आणि सगळे नीट बंद होते.

खाली गाडीत बायकोने त्याचा चेहरा बघून विचारलं, काय झालं हो? सांगितलं त्यांना, तो म्हणाला, त्यांनी खूण करून घेतली. बायकोने डोळे मिटून घेतले आणि पदराने नाक पुसलं. मेव्हण्याने गाडी चालू केली, पण हलवली नाही. तो मागे वळला. त्याच्या तोंडावर थट्टा नव्हती, आणि थट्टा नसलेलं ते तोंड कप्तानाला ओळखूच येईना. मेव्हणा म्हणाला, "इतकी वर्षं मी गंमत म्हणून म्हणत आलो. आज खरंच, कप्तान." आणि हात पुढे केला. तो हात घ्यावाच लागला. सगळ्या रस्त्यात बायको भावाला सांगत होती की आमचं हे माणूस बोलत नाही, पण जबाबदारी बघ किती. ती संध्याकाळी आपल्या धाकट्या बहिणीला सांगणार, ती बहीण तिच्या सासरी सांगणार. आता कुणाला काही सांगायची सोय उरली नव्हती. मागच्या सीटवर तो हूं हूं करत राहिला.

सोमवारी तपासनीस बाई लवकर आल्या होत्या. रात्रभर झोपल्या नसाव्यात. त्याने दारातूनच सांगितलं, कळवलं, त्यांनी खूण केली, कंपनीला काही सांगणार नाहीत म्हणाले, विषय संपला. बाई टेबलाला धरून खाली बसल्या. रडल्या नाहीत, फक्त दोन-तीनदा म्हणाल्या, सुटलो हो, सुटलो आपण. त्याच्या ओठांवर आलं होतं. बाई, ते नळ्या उघडतच नाहीत. पण बाईंना आठ वर्षं काढायची होती, याच खोलीत, याच खुर्चीवर. आठ वर्षं हे माहीत असून काढायची की नसून, हे आपल्या हातात आहे, असं त्याला दिसलं, आणि त्याने तोंड मिटलं. नवीन पत्रक आलं होतं. त्याने टाक धुतला, ट्रेसिंग बसवलं, टोचलं, खूण काढली, शाई वाळू दिली, मग आकडा लिहिला. तीन वाजून गेले. त्याने पहिला नकाशा बाईंकडे सरकवला. बाईंनी कोपरा बघितला, पण सही केली नाही. उठून त्याच्या टेबलावरचं भिंग घेतलं, ट्रेसिंग मागून घेतलं, आणि नकाशावर वाकल्या. बोट ठेवत ठेवत खुणेपर्यंत गेल्या. ती सापडल्यावर तिच्या आजूबाजूच्या जुन्या खुणाही बघू लागल्या, एकेक, जुन्या आकड्यांशी ताडून.

"आता यापुढे नुसता आकडा बघून सही करायची नाही," त्या मान वर न करता म्हणाल्या. "मी ठरवलंय. वेळ लागला तर लागू दे. प्रत्येक खूण बघणार."

तो म्हणाला, "बघा." आणि दुसरा नकाशा उलगडून पुढ्यात घेतला.